टोचलेला गूळ

आमच्या माहेरच्या गुऱ्हाळावर एक रीत आहे आणि ती मोडायची कुणाची हिंमत होत नाही. रस्त्यानं जाणारं माणूस थांबलं की त्याला उसाचा रस द्यायचा, ताज्या गुळाचा गोळा हातावर ठेवायचा आणि पैशाचं नाव काढायचं नाही. माहेरवाशीण आली तर तिला एक अख्खा रवा द्यायचा. रवा म्हणजे काहिलीतला, रस आटवायच्या मोठ्या कढईतला, गूळ निवाल्यावर कापड घातलेल्या साच्यात ठोकून बसवतात ती दहा किलोची ढेप. माहेरवाशीण रिकाम्या हातानं गेली तर पुढची काहील बिघडते, असं आमच्या गावात झाडून सगळे मानतात. मी बेळगावात शाळेत विज्ञान शिकवते. तरीही मी हे मानते, कारण रवा मला मिळतो.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, हायवे सोडून आत. लग्न होऊन मी टिळकवाडीत आले. नवरा वकील, पण कोर्टात कडाडणारा वगैरे नाही, जमिनीच्या वाटण्या आणि बांधाची भांडणं बघणारा. गुऱ्हाळ माझ्या धाकट्या भावाकडे आलं. तो मला आक्का म्हणतो, थोडाफार घाबरतो, पण ऐकत मात्र नाही. ऐकलं असतं तर आज तो कुठल्यातरी बँकेत कारकून असता आणि मला सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

त्याच्या डोक्यात एकच किडा होता. आमच्या शिवारातला गूळ चांगला, पिवळाधमक, दाताखाली कणी लागणारा. पण पेठेत गेला की त्याचं गावच बदलायचं. दुसऱ्याच्या नावाच्या पोत्यात बसून तो पुढे जायचा आणि आमच्या गावाचं नाव कुणाच्या कानावरही पडायचं नाही. भाऊ म्हणायचा, "आक्का, लेक आपली आन् नाव दुसऱ्याचं लावायचं, हे कुठलं?" मी म्हणायचे, "लग्न झालं की असंच असतंय, लेका." त्याला असले विनोद कळत नाहीत. तो रागावून फोन ठेवायचा.

शेवटी त्यानं सुताराकडून नवा साचा करून घेतला, तळाला गावाचं नाव कोरलेला. रवा उपडा केला की माथ्यावर गावाचं नाव उठून दिसायचं. पहिला रवा निघाला त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल आला आणि नवा जन्मलेला मुलगा दाखवावा तसा त्यानं तो चारी बाजूंनी फिरवून दाखवला. मी वर्गात होते. पोरांनीही बघितला आणि टाळ्या वाजवल्या.

चिकोडीकडचे एक गृहस्थ दुबईत किराणा दुकान चालवतात. भावानं त्यांना शोधून काढलं, नमुना पाठवला आणि ऑर्डर मिळवली. परदेशात माल पाठवायचा परवाना स्वतःच्या नावावर काढला. गावात पेढे वाटून झाले आणि मग त्याच्या लक्षात आलं की ऑर्डर अर्ध्या कंटेनरची आहे आणि भाडं मात्र अख्ख्या कंटेनरचं द्यावं लागणार आहे. आमच्या घरात पेढे नेहमी आधी वाटले जातात आणि विचार नंतर होतो.

उरलेला अर्धा कंटेनर भरणारा माणूस मग आपणहून चालत आला. मिरजेकडचा व्यापारी, पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि दिवसभर गुऱ्हाळावर वावरूनही अंगावर काकवीचा एक थेंब नाही. बोलणं असं मिठास की समोर गूळ ठेवायची गरज नाही. "माझ्या गिऱ्हाइकाला जरा घट्ट गूळ लागतोय," तो म्हणाला. "तुमचं चुलवाण संध्याकाळचं रिकामंच असतंय. माझी दोन माणसं येतील, रस तुमचाच घेतील. साचा बी तुमचाच वापरू, म्हंजे कंटेनरात एकच छाप दिसंल." दुसऱ्याच्या गुळावरही आपल्या गावाचं नाव बसणार म्हटल्यावर भावाला आभाळ ठेंगणं झालं. व्यापाऱ्याचं आपल्याही घरी पिढ्यान् पिढ्या गुऱ्हाळ असल्याचं सांगणं होतं. आठवड्याभरात अख्खं गाव त्याला पाव्हणं म्हणायला लागलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी माहेरी गेले. सगळा माल तयार झाला होता. गुऱ्हाळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला भावाचे रवे गोणपाटात आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली पाव्हण्यांचे रवे पांढऱ्याशुभ्र कापडात बांधलेले. निघायची वेळ झाली तशी माझी भावजय रवा द्यायला उठली. आमच्या भावजयीचा हात सढळ. वन्संना द्यायचा तर देखणा द्यावा म्हणून ती सरळ ताडपत्रीकडे गेली आणि पांढऱ्या कापडातला एक रवा तिनं उचलला.

पाव्हणं खाटेवर बसून फोनवर बोलत होते. ते ताडकन उठले.

"वैनी, त्यातला नको. त्यो जरा मऊ हाय."

"घट्ट करतासा म्हणलासा न्हवं?" भावजय म्हणाली.

"म्हंजे, लईच घट्ट हाय. आक्कांना फोडायला तरास व्हईल."

"आमच्या वन्सं नारळ हातानं फोडत्यात."

हे खरं नाही, पण मला आवडलं. मी रवा कडेवर घेतला. पाव्हणं म्हणाले, एवढं ओझं एसटीतून कशाला, मी गाडीनं घरपोच करतो. मी म्हटलं, माहेरचं ओझं वाटत नाही. गुळव्या काहिलीपाशी उभा होता, चुलवाणात पाचट सारणारा माणूस हात थांबवून बघत होता, रस प्यायला थांबलेले चारजण पेले हातात धरून ऐकत होते. एवढ्या लोकांसमोर माहेरवाशिणीच्या कडेवरचा रवा काढून घ्यायचा? दुसऱ्या कुठल्याही माणसानं काहीतरी कारण काढून तो हिसकावला असता. पण त्याच्या घरी खरोखरच गुऱ्हाळ असावं. तो हात जोडून म्हणाला, "न्या, आक्का. माहेरचं हाय." मी आनंदानं एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी चहा टाकत होते, तर दारात पाव्हणं. एका हातात कुंद्याचा बॉक्स आणि दुसऱ्या हातात गुळाचा रवा, यावेळी गोणपाटातला.

"आक्का, कालचा रवा कच्चा निघाला बघा. त्या काहिलीचा सगळाच माल बिघडलाय. तुमच्या पोळ्या बिघडायला नकोत म्हणून बदलून द्यायला आलतो."

निपाणीहून बेळगावला एक रवा बदलायला? आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मला कुणी 'हे नको, ते घे' म्हटलं की पहिलं जे असेल तेच हवंसं वाटतं. साडीच्या दुकानात माझ्याबरोबर कुणी यायला तयार नसतं ते याचमुळे. मी म्हटलं, राहू दे, कच्चा तर कच्चा. माहेरचा रवा बदलून घेत नाहीत. तो म्हणाला, मग हाही ठेवा आणि तोही द्या. मी नाही म्हटलं. त्यानं सांगितलं, गाडीत आणखी एक आहे, दोन देतो.

"पाव्हणं," मी म्हटलं, "एकाला दोन देणारा व्यापारी मी जन्मात बघितला नाही. बसा, चहा घ्या."

तो चहा न घेता गेला. कुंदा तेवढा विसरला. तो आम्ही खाल्ला आणि पुढे पुराव्यात कधीच दाखवला नाही.

त्याची गाडी गल्लीबाहेर गेली तशी मी रवा ओट्यावर घेतला. बत्त्यानं एक घाव घातला. गूळ फुटला, पण पापुद्रा निघावा तेवढाच. दुसरा घाव घातला तर बत्ता उलटा उडाला. आमचे हे पेपर वाचत होते, ते उठून आले, "दे इकडं, तुला जमत नाही," म्हणाले आणि त्यांनाही जमलं नाही. मग दोघांनी मिळून कडेकडेनं गूळ काढला. आंब्यातून कोय निघावी तसा आतून लाकडाचा ओंडका निघाला, जाड प्लास्टिकात गुंडाळलेला. बत्त्यानं प्लास्टिक एका ठिकाणी फाटलं होतं. तिथून वास आला आणि सगळं स्वयंपाकघर देवघरासारखं घमघमायला लागलं.

चंदन! आमच्या भागात चंदन काय असतं ते लहान मुलालाही ठाऊक आहे. स्वतःच्या परसात उगवलं तरी माणूस धसका घेतो, कारण राखायचं कुणी? ते चोरून तोडणं गुन्हा आणि परदेशी पाठवणं तर त्याहून मोठा. आणि इथं ते माझ्या ओट्यावर होतं, वरचा गूळ काढलेला आणि त्या गुळाच्या तुकड्यावर आमच्या गावाचं नाव. परवाना भावाचा, गुऱ्हाळ भावाचं, छाप भावाच्या साच्याची. बुधवारी कंटेनर भरायचा होता. बंदरावर कुणी एक रवा फोडला असता तर बेड्या कुणाला पडल्या असत्या, हे कळायला वकिलाशी लग्न करायची गरज नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं.

भावाला फोन केला. "आक्का, चेष्टा नको करू, मला लई कामं हाईत," तो म्हणाला. मी ओरडले, तेव्हा तो मोटारसायकलवरून निघाला. स्वयंपाकघरात येऊन त्यानं ओंडका उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. लाकडाकडे त्यानं पुन्हा बघितलंच नाही. गुळाचा नावाचा तुकडा हातात घेऊन तो फरशीवर बसला.

"ह्यावर आपलं नाव हाय गं," एवढंच म्हणाला.

मग त्याला एकेक सुचायला लागलं. पाव्हण्यांचे रवे रात्रीत फोडून लाकूड विहिरीत टाकूया. नाहीतर पाव्हण्यांना बोलावून बदडूया. नाहीतर कंटेनरच रद्द करूया आणि कुणाला काही बोलायचंच नाही. "लोक काय म्हणतील? ह्यानंच केलं म्हणतील. साचा करून आणला, परवाना काढला, पेढे वाटले, ते ह्याच्यासाठीच व्हय, असं म्हणतील." ते म्हणतील हे मलाही दिसत होतं. माझा भाऊ भोळा आहे, पण मूर्ख नाही.

संसारात आमच्या ह्यांनी मला पटण्यासारखं फार कमी वेळा काही सांगितलं आहे, पण त्या दिवशी सांगितलं. "हे बघ, आधी जाऊन सांगतो तो साक्षीदार. नंतर सापडतो तो आरोपी. उद्या सकाळी कस्टमचं ऑफिस उघडायच्या आत तिथं जाऊन उभा राहा."

"आन् माझा माल?" भावानं विचारलं.

"मालाचं नंतर बघू."

मालाचं नंतर बघणं हे भावाच्या जिवावर आलं, पण तो तयार झाला.

सकाळी आम्ही तिघं कस्टमच्या ऑफिसात गेलो. उरलेला गूळ मी ओंडक्याभोवती पुन्हा थापून, फडक्यात बांधून पिशवीत घातला होता. साहेबांना जसं सापडलं तसं दिसावं, हा माझा विचार. साहेब धारवाडकडचे, वयानं मध्यम, टेबलावर एक कागदसुद्धा तिरका नाही. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली, "साहेब, आमच्या गुऱ्हाळाचा गूळ आणलाय..."

"बेडरी, बेडरी!" साहेब दोन्ही हात वर करून मागे सरकले. नको, नको! मग हिंदी-मराठीत त्यांनी आम्हाला चांगलंच झापलं. आपण कुणाकडून काही घेत नाही, चहासुद्धा नाही, कंटेनर पास करायला गूळ घेऊन येता, लाज वाटत नाही? भाऊ कानडीतून म्हणाला, साहेब, हा खाण्याचा नाही. साहेब आणखी चिडले. खाण्याचा नसेल तर विकता कशाला? मी पिशवी पुढे ढकलते आणि ते मागे ढकलतात, असं दोन-तीन वेळा झालं. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. असा आग्रह त्यानंही बघितला नसावा.

शेवटी मला राग आला. मी फडकं सोडलं, रवा हातात घेतला आणि त्यांच्या त्या नीटनेटक्या टेबलावर आपटला. गूळ चारी दिशांना गेला, काही साहेबांच्या शर्टावरही, आणि ओंडका गडगडत त्यांच्यापुढे जाऊन थांबला. साहेबांनी वास घेतला. मग शिपायाला दार लावायला सांगितलं आणि आम्हाला बसायला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भावाला इतके प्रश्न विचारले की त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली. शेवटी म्हणाले, "घरी जा. कुणाला काही बोलू नका. उद्या ठरल्यासारखा कंटेनर लावा, मी सील करायला येतो." निघताना भावानं विचारलं, "साहेब, माझ्यावर इस्वास हाय न्हवं?" साहेब म्हणाले, "ते मी उद्या सांगतो." त्या उत्तरानं भाऊ दिवसभर जेवला नाही.

बुधवारी मी शाळेत रजा टाकली. कंटेनर गुऱ्हाळापुढे उभा होता, त्याला हळदकुंकू लावलेलं, आणि हार घेऊन स्वतः पाव्हणं आले होते, तसेच पांढरेशुभ्र. मला बघून म्हणाले, "आक्का, पोळ्या झाल्या का?" मी म्हटलं, "झाल्या की. लई सुवासिक झाल्या." त्यांचं हसू जरा अडकलं. तेवढ्यात साहेबांची गाडी आली आणि मागून आणखी एक जीप, त्यात जंगल खात्याची माणसं. ती खाली उतरली नाहीत.

साहेब निवांत. त्यांनी कंटेनर बघितला, कुलूप बघितलं आणि म्हणाले, "आमच्या धारवाडला मुहूर्ताचा एक रवा फोडून सगळ्यांना वाटतात. तुमच्याकडं?" भाऊ म्हणाला, आमच्याकडंही. "मग भागीदारांनी फोडावा," साहेब म्हणाले. पाव्हणं पटकन गोणपाटाच्या थप्पीकडे गेले. साहेबांनी ताडपत्रीकडे बोट केलं. "तो नको. पांढऱ्या कापडातला चांगला दिसतो."

पाव्हण्यांनी पांढऱ्या कापडातला रवा उचलला, हातात धरला, इकडेतिकडे बघितलं. मग खिशातला फोन काढून कानाला लावला, "हां, हां, इथं रेंज न्हाय," असं म्हणत रवा भावजयीच्या हातात दिला आणि चालत चालत उसात शिरले. फोन वाजलाच नव्हता. जीपमधली माणसं उतरली आणि त्यांच्या मागून उसात गेली. थोड्या वेळानं त्यांना धरून आणलं, तेव्हा तोंडावर, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते आणि पांढऱ्या शर्टावर पहिल्यांदाच डाग पडले होते. पाव्हण्यांची दोन माणसं तोवर जीपजवळ उभीच होती. एवढं सगळं झालं तरी भावजय हातातला रवा खाली ठेवायला तयार नव्हती. "हे माझ्या वन्संला दिलं व्हतं, मेल्या!" असं ती ओरडत होती आणि रवा त्याच्या डोक्यात घालायच्या बेतात होती. लोकांनी तिला आवरलं.

मला वाटलं सुटलो. पण साहेबांनी शेडमध्ये नजर फिरवली आणि म्हणाले, "आता सगळा माल बघावा लागेल. पांढऱ्या कापडातला आणि गोणपाटातला. सगळा. फोडून."

फुटलेला गूळ परदेशी कुणी घेत नाही, परत कढवला तर काळा पडतो. अख्ख्या हंगामाची मेहनत तिथं थप्पी लावून उभी होती, प्रत्येकावर गावाचं नाव. "साहेब, गोणपाटातलं माझं हाईत," भाऊ म्हणाला. "माझ्या हातचं हाईत."

"त्याचंही तो तसंच म्हणेल," साहेब म्हणाले. आवाजात कडकपणा नव्हता, पण मागे हटणंही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. एकाच साच्यातून निघालेले रवे, वरून कोण कुणाचा ते देवालाही ओळखू आलं नसतं.

भाऊ शेडच्या भिंतीला टेकलेल्या जुन्या सायकलकडे गेला, पक्कडीनं तिच्या चाकाची एक तार ओढून काढली आणि चुलवाणाच्या निखाऱ्यात धरली. तार लाल झाली तशी त्यानं गोणपाटातला एक रवा ओढला आणि ती त्यात घातली. गूळ वितळत गेला, तार आरपार गेली. मग त्यानं तीच तार तापवून पांढऱ्या कापडातल्या रव्यात घातली. ती मध्येच अडली, आणि जळक्या प्लास्टिकचा आणि चंदनाचा मिळून असा वास आला की साहेबांना शिंक आली.

"फोडू नका साहेब," भाऊ म्हणाला. "टोचा. तीन बाजूनं टोचा, पायजे तर चार."

साहेबांनी वाकून दोन्ही रव्यांची भोकं बघितली. "आत लाकूड आहे का, एवढंच मला बघायचंय," ते म्हणाले. "कसं बघायचं ते नियमात लिहिलेलं नाही."

मग त्या दिवशी आमच्या गावातल्या एकाही जुन्या सायकलला चाक उरलं नाही. ज्यानं त्यानं तारा काढून आणल्या. बाया पदर खोचून बसल्या, कुणी तारा तापवायच्या, कुणी टोचायच्या, कुणी रवा फिरवून पुन्हा गोणपाटात बांधायचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती शिवलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांचा हात असा चालायचा की साहेब खुर्ची ओढून त्यांच्याजवळच बसले. एकेक तार आरपार गेली की लोक ओरडायचे, "निघाला!" आणि पांढऱ्या कापडातली अडली की ओरडायचे, "सापडला!" दोन्हीचा आनंद सारखाच. गोणपाटातली एकही तार अडली नाही. शेवटची आरपार गेली तेव्हा भाऊ खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातालाही गूळ लागला होता.

पाव्हण्यांचा माल जप्त झाला. उरलेला अर्धा कंटेनर गावातल्या बाकीच्या गुऱ्हाळांनी भरला, त्यांचे रवेही टोचून झाले, आणि आठवड्याभरानं साहेबांनी कंटेनरला सील केलं. भावाला साक्षीसाठी कोर्टात अधूनमधून यावं लागतं, तेव्हा तो आमच्याकडे उतरतो आणि आमचे हे त्याला साक्ष कशी द्यायची ते शिकवतात. तो ऐकत नाही.

माल गेला तरी भावाची झोप गेली होती. प्रत्येक रव्याला तीन बाजूंनी भोकं! पहिलाच माल, गावाच्या नावाचा, आणि तो असा चाळणी होऊन गेला. दुबईचे दुकानदार काय म्हणतील? काही दिवसांनी त्यांचा फोन आला. पुढच्या हंगामाची ऑर्डर द्यायची होती आणि यावेळी अख्ख्या कंटेनरची. भावाला हर्षवायू व्हायचा बाकी होता. मग ते म्हणाले, "पण तो टोचलेलाच गूळ पाठवा हं. इथं गिऱ्हाईक तोच मागतं. टोचलेला गूळ आहे का, म्हणून विचारतं."

भावानं मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. "आक्का, माथ्यावर एवढं मोठं नाव हाय. कुणीच वाचलं न्हाय व्हय गं?"

मी एवढी हसले की आमचे हे बाहेरच्या खोलीतून धावत आले. भाऊ हसला नाही. मग मलाही वाईट वाटलं.

यंदाच्या हंगामात मी गेले तर शेडमध्ये तो निखाऱ्यापुढे बसून एकेक रवा टोचत होता. गुऱ्हाळ पूर्ण त्याचंच, उसापासून गोणपाटापर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, आत काही असण्याचा प्रश्नच नाही. बोटाला चटके बसलेले, त्यावर हळद लावलेली. मी शाळेत विज्ञान शिकवते, माझ्या डोक्यात लगेच उपाय आला.

"अरे, एवढा जीव कशाला काढतोस? सुताराला सांग, साच्यातच तीन खिळे बसवंल. रवा निघाला की आपोआप भोकं पडलेली असतील."

त्यानं तार निखाऱ्यात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मग भोकं पडतील, आक्का," तो म्हणाला. "पर आत कुणी बघितल्यालं नसंल."

मी पदर खोचला, त्याच्या शेजारी बसले आणि पुढचा रवा जवळ ओढला.